वेशीत बसून करता येईल असा सौदा: भावताव कसा करायचा, बायबलमधून शिकलेलं

माझं शाळेचे युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे, नागपूरच्या महाल भागात, सहा मशीन आणि एक कटिंग मास्टर. कापड गांधीबागमधून येतं, ऑर्डर शाळांकडून येते, तुरपाई आणि बटणाचं काम आजूबाजूच्या बाया घरी नेऊन करतात. म्हणजे दिवसभर माझं भावताव करणंच चालू असतं, सेठजीसोबत, शाळेच्या ऑफिससोबत, जागामालक काकांसोबत, कारीगरांसोबत. आणि पुष्कळ वर्षं मला असं वाटायचं की रविवारी चर्चमध्ये ऐकलेलं सोमवारी दुकानात चालत नाही, धंदा म्हणजे धंदा. मग एकदा बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा २३ वा अध्याय सावकाश वाचला आणि लक्षात आलं की अरे, हा तर अख्खा अध्याय जागेच्या सौद्याचा आहे.

अब्राहामाची बायको सारा १२७ वर्षांची होऊन वारली आणि तिला मूठमाती द्यायला त्याच्याकडे स्वतःची जागा नाही. तो तिथल्या हित्ती लोकांसमोर वाकून म्हणतो, मी तुमच्यात परका माणूस आहे, एफ्रोनाची मकपेलाची गुहा मला पूर्ण भावाने विकत द्या. हे बोलणं होतं गावाच्या वेशीत. तेव्हा वेस म्हणजे पंचांची बैठक, कोर्ट, रजिस्ट्री ऑफिस सगळं तिथेच, आणि जाणारे-येणारे सगळे साक्षीदार. नंतर मी शोधत गेली तर बायबलमधले बरेच चांगले सौदे असेच उघड्यावर, लोकांदेखत झालेले दिसले.

तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे. मी जो सौदा करून राहिली तो जसाच्या तसा वेशीत, चार लोकांत, समोरच्याच्या लेकरांदेखत सांगता येईल का? येत असेल तर करायचा. खाली जे लिहिते ते याच कसोटीवर रोज कसं चालायचं याबद्दल आहे, आणि तुम्ही चर्चला जात असाल किंवा नसाल, भाजी घेताना, भाडं ठरवताना, पगाराचं बोलताना कामाला येईल असं मला मनापासून वाटतं.

पहिलं: बसायच्या आधी कागद घ्या

नहेम्या हा यहूदी माणूस पारसाचा राजा अर्तहशश्ताचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारस देणारा, होता. यरुशलेमचा तट पडलेला आहे ही बातमी त्याला किसलेव महिन्यात कळली आणि राजासमोर विषय निघाला नीसान महिन्यात, म्हणजे मध्ये चार महिने गेले. त्या चार महिन्यांत तो रडला, उपास केला, प्रार्थना केली, आणि हिशेबही केला, हे त्याच्या उत्तरावरून कळतं. कारण राजाने विचारलं, तुला पाहिजे काय, तेव्हा तो गडबडला नाही. मनातल्या मनात देवाला हाक मारली आणि सांगितलं, मला पाठवा, अमुक मुदतीत येतो, नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांना पत्रं द्या, आणि राजाच्या रानाचा राखणदार आसाफ आहे त्याच्या नावाने लाकडासाठी पत्र द्या. अगदी नावासकट मागणी. येशूनेही लूकच्या शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात हेच सांगितलंय की बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा हिशेब कर.

आमच्या जागेचं भाडं १२,००० होतं, काका म्हणाले या वर्षीपासून १६,०००. मी घरी येऊन कागदावर तीन आकडे लिहिले. मनाजोगता १३,०००. चालण्यासारखा १४,०००. आणि १४,५०० च्या वर गेलं तर दुसरी जागा पाहायची. मग त्याच गल्लीतल्या तीन दुकानदारांना विचारून त्यांचं भाडं बाजूला लिहिलं. आणि कागदाच्या दुसऱ्या बाजूला लिहिलं की काकांना काय पाहिजे असेल: दर महिन्याच्या ५ तारखेला भाडं, छताला भोकं पाडू नये, आणि या वयात नवा भाडेकरू शोधायची कटकट नको.

तिसरा आकडा, म्हणजे उठायचा आकडा, नक्की लिहाच. माझा अनुभव आहे की तो ठरलेला नसला की माणूस खोटं बोलायला लागतो, "मला दुसरीकडे दहा हजारात मिळून राहिलं" वगैरे, कारण आतून भीती असते की आपण कुठवर घसरत जाऊ. आकडा ठरलेला असला की शांत बसता येतं आणि खरं बोलून भागतं.

दुसरं: मान आधी द्या, पण आकडा मोघम ठेवू नका

अब्राहाम दोनदा वाकतो त्या अध्यायात. आणि हित्ती लोकही त्याला म्हणतात की तुम्ही आमच्यात देवाचे सरदार आहात, आमच्या पाहिजे त्या कबरेत मूठमाती द्या. एफ्रोन तर सगळ्यांदेखत म्हणतो, शेत घ्या, गुहाही घ्या, दिली. आता आपल्याकडेही असंच बोलतात ना, "पैशाचं काय घेऊन बसले ताई, घरचंच आहे, जे द्यायचं ते द्या." अब्राहाम या गोड बोलण्याचा राग मानत नाही आणि त्यात अडकतही नाही. तो परत वाकतो आणि परत म्हणतो, किंमत सांगा. तेव्हा एफ्रोनाच्या तोंडून आकडा निघतो: चारशे शेकेल (शेकेल म्हणजे तेव्हाचं वजन) चांदी, तुमच्या-माझ्यात त्याचं काय मोठं! अब्राहामाने घासाघीस न करता व्यापाऱ्यांत चालणाऱ्या वजनाने चारशे शेकेल तोलून दिले.

भाव बहुतेक जास्तच होता. यिर्मया संदेष्ट्याने पुढे अनाथोथ गावचं शेत १७ शेकेलला घेतलं, दावीद राजाने अरवना नावाच्या माणसाचं खळं आणि बैल ५० शेकेलला. जागा वेगळी, काळ वेगळा, नीट तुलना होत नाही हे मान्य, तरी चारशे हा मोठाच आकडा दिसतो. मग अब्राहामाने का दिले? मला वाटतं त्याला जागा पाहिजे होती ती पिढ्यान्‌पिढ्या कोणी बोट न ठेवण्यासारखी, उपकाराखालची नाही. प्रत्येक ठिकाणी कमीत कमी भाव मिळवणं हेच शहाणपण, असं नसतं. काही ठिकाणी पूर्ण भाव देऊन मोकळं होणं परवडतं, खास करून नातेवाइकांत आणि चर्चच्या ओळखीत.

करायचं काय, तर पहिली पाच मिनिटं माणसासाठी ठेवा. काकांकडे गेली तेव्हा मी आधी त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं विचारलं, आणि खरंच विचारलं, कारण काकू एकट्या धावपळ करत होत्या हे माहीत होतं. कामापुरता दाखवलेला मान समोरच्याला लगेच कळतो. मग सरळ म्हटलं, "काका, १६ मला झेपत नाही, गल्लीत १३ ते १४ चालू आहे, मी विचारून आली." आणि "जे द्यायचं ते द्या" म्हणणाऱ्याला प्रेमानेच सांगा, तुम्ही आकडा सांगा, नाहीतर नंतर माझ्या मनात राहील आणि तुमच्याही.

तिसरं: मालाला नावं ठेवू नका

बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकातलं २०:१४ वाचाल तर वाटेल कोणी कॉटन मार्केटमध्ये उभं राहून लिहिलंय. घेणारा म्हणतो वाईट आहे, वाईट आहे, आणि घेऊन गेला की फुशारकी मारतो. हे मी वर्षानुवर्षं केलं. तागा उलगडायचा, कापड चिमटीत घेऊन चोळायचं, तोंड वाकडं करून म्हणायचं, "सेठजी, एका धुण्यात रंग जाईल याचा," आणि मनात माहीत की एवढं चांगलं टेरिकॉट पूर्ण लाइनीत नाही. ते खोटंच आहे, त्याला धंद्याची रीत म्हटलं म्हणून खरं होत नाही.

आता मी म्हणते, "माल चांगला आहे सेठजी, मला हाच पाहिजे, पण शाळेला मी जो रेट दिलाय त्यात मीटरमागे ११८ च्या वर बसत नाही." मालाची तारीफ केली तर भाव चढेल अशी भीती वाटते सुरुवातीला, माझा तर उलट अनुभव आहे, समोरचाही मोकळा होतो आणि सांगतो की उधारीत १२४ पडेल, रोख दिलं तर ११८ जमवतो. म्हणजे रस्ता निघाला, फक्त पेमेंटची तारीख हलवून. नुसत्या आकड्यावर अडलं की तारीख, संख्या, डिलिव्हरी कोण करणार, कटपीस परत घेणार का, हे विचारा.

याच्याच बाजूला दुसरी गोष्ट. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, २५ व्या अध्यायात, सांगितलंय की तुझ्या थैलीत दोन प्रकारची वजनं नसावीत, एक मोठं एक लहान. आज वजनं डिजिटल झाली पण दोन वजनं अजून आहेत: पक्कं बिल आणि कच्चं बिल, ओळखीच्याला एक रेट आणि गावाकडून आलेल्या भोळ्या माणसाला दुसरा. मोठ्या ऑर्डरला सूट देणं ठीक आहे, ती सगळ्यांना सांगता येते. पण तोंड पाहून ठरवलेला भाव वेशीत सांगता येत नाही, आणि बिनबिलाचा तर अजिबात नाही.

चौथं: समोरच्याला कशाची भीती आहे ते शोधा

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते दानीएलने. बाबेलच्या राजवाड्यात नेलेला कोवळा पोरगा, हातात काहीच ताकद नाही, आणि राजाच्या ताटातलं खायचं नाही असं मनाशी ठरवलेलं. तो हटून बसत नाही. आधी मोठ्या अधिकाऱ्याला विनंती करतो. अधिकारी म्हणतो, मला राजाची भीती वाटते, तुमची तोंडं बाकीच्या पोरांपेक्षा उतरलेली दिसली तर माझं डोकं जाईल. आता पहा, नकार दिला पण नकाराचं कारणही दिलं. दानीएल ते कारण ऐकतो, आणि मग त्यांच्यावर नेमलेल्या कारभाऱ्याकडे जाऊन म्हणतो, दहा दिवस करून पहा, आम्हाला शाकभाजी आणि पाणी द्या, मग आमची तोंडं आणि त्यांची तोंडं तुम्हीच पहा आणि तुम्हाला दिसेल तसं करा. स्वतःचं तत्त्व सोडलं नाही, समोरच्याची भीती खोटी ठरवली नाही, आणि धोका दहा दिवसांपुरताच ठेवला.

मागच्या वर्षी एका शाळेच्या ऑफिसमध्ये सर सारखे म्हणत होते, रेट कमी करा, कमी करा. मी रेटवरच भांडत होती. मग विचारलं, "सर, रेट सोडून दुसरं काही टेन्शन आहे का?" तेव्हा त्यांनी कपाटातून आदल्या वर्षीचा एक शर्ट काढून टेबलावर ठेवला, कॉलर पांढरट पडलेली, काखेत शिवण उसवलेली. पालकसभेत हा शर्ट त्यांच्या तोंडासमोर धरून लोक ओरडले होते. म्हणजे त्यांना भीती होती परत तसंच होण्याची, आणि महाग घेऊन वाईट निघालं तर ट्रस्टी विचारतील याची. मी म्हटलं, दहा शर्ट देते, दहा पोरांना दहा दिवस घालू द्या, रोज धुवू द्या, मग तुम्हीच ठरवा. रेटवर पुढे आम्ही फार बोललोच नाही.

नोकरीवाल्यांनाही हेच सांगेन. मिहानमध्ये काम करणाऱ्या आमच्या चर्चच्या एका मुलीला घरी आईजवळ थांबून काम करायचं होतं, मॅनेजर नाही म्हणत होते. तिला म्हटलं, कायमचं नको मागू, दोन आठवडे माग, आणि काम कसं मोजायचं ते त्यांनाच ठरवू दे.

आणि ऐकताना मध्ये तोंड घालू नका. नीतिसूत्रे १८:१३ म्हणतं की ऐकून घ्यायच्या आधी उत्तर देणं हा मूर्खपणा आहे.

पाचवं: अडलेल्या माणसाशी भाव करू नका

हे लिहायला जड जातं पण लिहायलाच पाहिजे. याकोबाने थोरला भाऊ एसाव याच्याकडून ज्येष्ठपणाचा हक्क घेतला तो मसुराच्या आमटीच्या बदल्यात. एसाव रानातून थकून, भुकेने जीव जाईल म्हणत आलेला, आणि याकोब म्हणतो आधी हक्क विक, शपथ घे. दोघांच्या संमतीने झालेला सौदा, तोंडी शपथेसकट. आणि पुढे या दोन भावांत काय झालं ते उत्पत्तीत आहे, वीस वर्षं तोंड पाहिलं नाही.

मी पण असं केलंय. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात म्हणून मे महिन्यात आमच्याकडे कामाची झोंबाझोंबी असते. एक मावशी बटणं आणि तुरपाई करायला आल्या, शर्टामागे पाच रुपये म्हणाल्या. मी साडेतीन म्हटलं. त्या म्हणाल्या, "पाच द्या ना ताई, लेकीची फीस भरा लागते." हे ऐकल्यावर मला कळलं की यांना काम सोडणं शक्य नाही, आणि तेच धरून मी साडेतीनवर अडून राहिली. त्या काही बोलल्या नाहीत. बोटात अंगुस्तान तसंच होतं, त्या बोटाने त्यांनी गठ्ठ्यातले शर्ट मोजले, चाळीस, आणि ओढणीची गाठ मारून घेऊन गेल्या. तो सौदा मला वेशीत सांगता आला नसता, त्यांच्या लेकीदेखत तर नाहीच. महिनाभराने मी फरक नेऊन दिला, त्यांनी घेतला, पण माझ्याकडे परत काम घेतलं नाही आणि तो त्यांचा हक्क होता.

आता माझा नियम असा आहे. घरकाम करणारी बाई, ठिय्यावर उभा मजूर, हातगाडीवाला, यांच्याशी भाव खाली पाडायला बोलायचंच नाही. कामाचा योग्य रेट काय ते आधी बाजारात विचारायचं आणि आपणच सांगायचं, त्यांनी कमी मागितला तरी. आणि पैसे संध्याकाळीच. लेवीय १९:१३ स्पष्ट आहे, मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत तुझ्याजवळ राहू नये, आणि नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात (हा याकोब वेगळा) तर अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानापर्यंत जातं. "उद्या फोन पे करतो" म्हणायच्या आधी हे वचन आठवा.

सहावं: चिडलेला माणूस आणि शब्द फिरवणारा माणूस

चिडलेल्यासाठी अबीगईलचा अध्याय वाचा, पहिले शमुवेल २५. तिचा नवरा नाबाल याने दावीदाचा अपमान केला, दावीद चारशे माणसं घेऊन निघाला, आणि अबीगईल दोनशे भाकरी, पाच मेंढ्या, मनुका-अंजिरांच्या ढेपी गाढवांवर लादून वाटेत आडवी गेली. आधी वस्तू पुढे, मग गाढवावरून उतरून नमस्कार, मग दोष स्वतःवर, आणि मग म्हणाली की उद्या तुम्ही राजा व्हाल तेव्हा विनाकारण रक्त सांडल्याचं ओझं मनावर नको. ग्राहक चिडून आला की मी आधी शर्ट हातात घेते, चूक पाहते, मान्य करते, मग बोलते.

शब्द फिरवणारा म्हणजे याकोबाचा सासरा लाबान. याकोब म्हणतो, माझी मजुरी याने दहा वेळा बदलली. अशा माणसाशी सभ्यपणे वागायचं पण अंतर ठेवून. त्या दोघांनी शेवटी दगडांची रास रचली, यापलीकडे तू येऊ नको, मी येणार नाही, आणि सोबत जेवून वेगळे झाले. एका पार्टीने दोनदा पेमेंटची तारीख फिरवली की मी तिसऱ्यांदा अ‍ॅडव्हान्सशिवाय कात्री लावत नाही, भांडत नाही, फक्त सांगते. माझं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आहे, आणि २००६ च्या एमएसएमई कायद्यात पेमेंटची मुदत ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही, हेही शांतपणे सांगते. ते सांगण्यात अनादर काही नाही.

सातवं: लिहा, दोन कॉपी करा

यिर्मया ३२. बाबेलच्या फौजेने शहर वेढलेलं, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि अशा वेळी तो चुलतभावाचं शेत विकत घेतो. तरी कागदात कसूर नाही. १७ शेकेल तोलून दिले, खरेदीखत केलं, साक्षीदारांच्या सह्या, एक प्रत मोहरबंद एक उघडी, आणि आपला लेखनिक बारूख याला सांगितलं दोन्ही मातीच्या भांड्यात ठेव म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. जे म्हणतात "आपसात काय कागद करायचा, विश्वास नाही का," त्यांना मी हा अध्याय वाचून दाखवते. विश्वास टिकावा म्हणूनच कागद.

रूथच्या पुस्तकातल्या बवाजानेही तेच केलं. विधवा रूथ आणि तिच्या सासरचं शेत यांचा प्रश्न होता, तेव्हा त्याने वेशीत दहा वडीलधारी माणसं बसवली, आणि जवळच्या नातेवाइकाला शेताबरोबर रूथची जबाबदारीही येते हे सौदा पक्का व्हायच्या आत सगळ्यांसमोर सांगितलं. घर विकत असाल तर पावसात कुठे गळतं ते इसार घ्यायच्या आधी सांगा. गाडी विकत असाल तर ठोकलेली आहे ते सांगा.

काकांसोबत १४,००० वर ठरलं, दरवर्षी ५ टक्के वाढ, रंगाचा खर्च माझा. लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि रजिस्टर केलेलं असलं पाहिजे असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सांगतो, म्हणून ते केलं, आणि दोघांनीही पूर्ण मोठ्याने वाचलं, काकांना चष्म्यातूनही बारीक अक्षर दिसत नाही. छोट्या कामासाठी एवढं नको, संध्याकाळी एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुरे: काय, किती, कधी, पैसे कधी, आणि खाली "बरोबर आहे ना?"

आठवं: शब्द दिल्यावर

स्तोत्र १५ मध्ये देवाच्या डोंगरावर कोण राहील याची यादी आहे, त्यात एक माणूस असा आहे जो शपथ वाहून नुकसान झालं तरी ती मोडत नाही. जवळच्याच गिबोनकरांनी तर फाटकी पोती आणि बुरसलेल्या भाकरी दाखवून, आपण दूरदेशचे आहोत असं भासवून इस्राएलाचा पुढारी यहोशवा याला फसवून करार केला होता, तरी इस्राएलाच्या सरदारांनी शपथ पाळली. आणि येशूने मत्तय ५:३७ मध्ये ते अजून सोपं केलं, तुमचं होय ते होय असावं आणि नाही ते नाही.

एका वर्षी मी शाळेला रेट दिला आणि पंधरा दिवसांत कापड मीटरमागे नऊ रुपयांनी चढलं. ३०० शर्टांची ऑर्डर होती. मास्टर म्हणे, "ताई, कापड हलकं टाकू, कोणाले कळते?" नाही टाकलं, ठरलेल्याच भावात ठरलेलंच कापड दिलं, आणि ते पैसे गेले ते गेलेच. पुढच्या वर्षी रेट ठरवताना मागच्या वर्षीचं कापडाचं बिल टेबलावर ठेवून सरांना दाखवलं आणि तेवढी वाढ मागितली. त्यातून अर्धी मिळाली. पण चूक माझीच होती, बाजार चढायच्या दिवसांत मी विना मुदतीचा शब्द दिला होता. म्हणून आता प्रत्येक कोटेशनच्या खाली तारीख टाकते, "हा रेट पंधरा दिवसांसाठी," आणि ती ओळ पेनाने अधोरेखित करून देते, म्हणजे सोळाव्या दिवशी भाव बदलला तर कोणाला फसवल्यासारखं वाटणार नाही आणि चौदाव्या दिवशी संध्याकाळी जरी शाळेचा माणूस आला, तरी जुनाच भाव द्यायचा, कापड कितीही चढलेलं असो.